तीन बोटं पाणी

पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या टाकीतल्या अठराच्या अठरा कोळंब्या मेलेल्या सापडल्या. मी पहिलं काम काय केलं, तर त्या चहाच्या गाळणीने गोळा करून गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. माझी मुलगी केतकी उठायच्या आत. बहात्तर वर्षांच्या बाईने आपल्याच घरात चोरासारखं उकिडवं बसून माती उकरावी, हे मला काही शोभलं नाही. पण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

एवढं घाबरायचं कारण सांगते. मी हेमलता थोरात. कराडच्या कॉलेजात चौतीस वर्षं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एकटी राहते आणि खरं सांगायचं तर मजेत राहते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकटं राहायचं असेल तर आता स्वावलंबनाचा दाखला लागतो. तो देतो स्मृती दवाखाना, आणि दवाखान्याचा विश्वास माझ्यावर नाही, माझ्या माशांवर आहे.

पूर्वी डॉक्टर पाच शब्द लक्षात ठेवायला सांगत, कागदावर घड्याळ काढायला लावत. म्हातारी माणसं बिलंदर. ती घरून घोकून जात. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ इतकं सुबक घड्याळ काढायचे की डॉक्टर खूश, आणि घरी येऊन गॅस चालू ठेवून फिरायला जायचे. मग कुणा संशोधकांच्या लक्षात आलं की विस्मरण आधी शब्दांत दिसत नाही, रोजच्या बारीकसारीक कामांच्या क्रमात दिसतं. माशांना सकाळी खायला घातलं, ते विसरून तासाभराने पुन्हा घातलं. उरलेलं खाणं तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो. टाकीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट करतात, आणि ते पाणवनस्पती शोषून घेतात. पाणी बदलायचं राहिलं, पानं छाटायची राहिली, दिवा रात्रभर चालू राहिला, तर त्या सगळ्याची खूण पाण्यात उमटते. घरच्यांना संशय यायच्या दोन वर्षं आधी नायट्रेटची रेघ डळमळू लागते, असं त्यांना आढळलं.

तेव्हापासून एकट्या म्हाताऱ्यांच्या घरोघरी साठ लिटरची एकेक काचेची टाकी आली. दहा गप्पी मासे, अठरा लाल कोळंब्या, चार जातींच्या वनस्पती, आणि काचेला चिकटवलेली तळहाताएवढी डबी. डबीची तार पाण्यात असते. ती दर सोमवारी शंभरापैकी गुण देते आणि ते दवाखान्याला कळवते. मी तिला सुपरवायझर म्हणते, कारण परीक्षेतल्या सुपरवायझरसारखी ती मुकाट उभी राहून सगळं बघते. पन्नासच्या खाली गुण गेले की सुनावणी. सुनावणीत पटवून देता आलं नाही, तर दाखला रद्द, आणि मग मुलांकडे तरी जायचं नाहीतर देखभाल निवासात. माझे गुण कधी ऐंशीच्या खाली उतरले नव्हते. त्याचा मला थोडा गर्वही होता.

टाकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम. तसं लिहून द्यायच्या फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून केतकीचीच सही आहे. ती पुण्यात पुलांची तपासणी करणाऱ्या कंपनीत आहे. पाडव्यासाठी आठ दिवस आली होती आणि आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. तिला माशांची लहानपणापासून किळस. टाकीजवळून जातानाही ती नाक मुरडायची.

कोळंब्या पुरल्यावर मी हात धुतले आणि जुन्या सवयीने दोन लिटर पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून ठेवलं. नमुना घेतल्याशिवाय टेबलावरचं काही हलवायचं नाही, हे मी चौतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलंय. मग निम्मं पाणी बदललं आणि मासे बघत बसले. वनस्पतींबरोबर आलेल्या गोगलगायी कवचाची दारं लावून तळाशी पडल्या होत्या. गप्पी वरच्या कोपऱ्यात गोळा होऊन भराभर श्वास घेत होते.

"आई, काय गं एवढं बघतेस?" केतकी चहाचा कप घेऊन मागे उभी होती.

"काही नाही. पाणी बदललंय, ते बघतेय."

तिने कोळंब्या कुठे आहेत म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, हिला कुठे दिसताहेत त्या. नंतर कळलं, तिला दिसलं होतं. तिने मुद्दाम विचारलं नाही.

सोमवारी सकाळी आठ गप्पी गेले. उरलेल्या दोघांना मी प्लॅस्टिकच्या बादलीत वेगळं काढलं, आणि तेवढ्यात सुपरवायझरचा निरोप आला. तो केतकीच्या फोनवरही गेला. गुण अडतीस. टाकीतली हालचाल जवळपास बंद. संभाव्य कारण, काळजीवाहकाच्या हातून विस्मरण, शक्यता एक्क्याण्णव टक्के. सुनावणी बुधवारी सकाळी अकरा वाजता, जवळच्या व्यक्तीसह.

केतकी फोन हातात धरून स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे भरले होते. "आई, तू पुण्याला चल. माझी एक खोली रिकामीच असते."

"अजून बुधवार उजाडायचाय," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "आठ मासे मेले म्हणजे मी मेले नाही."

"तसं कुठं म्हणाले मी?"

"मग रडतेस कशाला?"

ती गेली. मला फार वाईट वाटलं, कारण ती रडत होती ते माझ्यासाठीच, आणि भीती मलाही वाटत होती. शुक्रवारी पाडव्याच्या आमटीत मी दोनदा मीठ घातलं होतं. केतकीने पाणी घालून ती मुकाट्याने सारखी केली. तेव्हा हसण्यावारी नेलेली ती आमटी आता माझ्या डोक्यातून जाईना.

मंगळवारी सकाळी मी ठरवलं, रडायचं ते नंतर. आधी कारण शोधायचं. कपाटातून निवृत्तीच्या वेळी कॉलेजने दिलेली पेटी काढली. चार परीक्षानळ्या, एक चंचुपात्र, गाळणकागद, आम्लाची आणि अमोनियाची छोटी बाटली. पोरींनी त्यावर रंगाने 'थोरात मॅडम' लिहिलेलं अजून तसंच आहे.

कागदावर एकेक मुद्दा मांडला. जास्त खाणं पडून अमोनिया वाढला असता तर डबीनेच तो दाखवला असता. शनिवार-रविवारचे आकडे बघितले, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. प्राणवायू कमी पडला म्हणावं तर तसं पहाटे होतं, दिवा लागण्याआधी, आणि आधी मासे धापा टाकतात. इथे आधी कोळंब्या गेल्या, सगळ्या एका रात्रीत. मासे दीड दिवस टिकले. तापमान ठीक. डासांचं औषध कोळंब्यांना घातक असतं, पण मी वर्षानुवर्षं मच्छरदाणीत झोपते. म्हणजे काहीतरी विष, आणि तेही मासे सोसतील पण कोळंब्या सोसणार नाहीत असं.

अशी एक गोष्ट मला ठाऊक होती. कोळंबीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबं असतं. तरीही पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं तिला मारायला पुरतं. ते कल्ल्यांवर बसतं आणि शरीरातलं मीठ टिकवणारी यंत्रणाच बंद पाडतं. आमचं कोयनेचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी, म्हणून तांब्याचा मारा जास्तच बसतो. आणि सुपरवायझरच्या तारेला अमोनिया कळतो, नायट्रेट कळतं, तांबं कळत नाही.

रविवारच्या बाटलीतलं पाणी पातेल्यात ओतलं, आम्लाचे चार थेंब टाकले आणि गॅसवर आटवत ठेवलं. दोन तासांत दोन लिटरचे चार चमचे उरले. नळीत अमोनिया घातला, पांढरा साका बसला, तो गाळला. नळी पांढऱ्या कागदावर उभी धरली आणि वरून आत पाहिलं.

निळं. फिकट, पण निळंच. कॉलेजातल्या दरवर्षीच्या पहिल्या प्रॅक्टिकलचा तो रंग, मी झोपेतही ओळखेन.

मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग हसू थांबलं. तांबं टाकीत आलं कुठून? वनस्पतींच्या खतात ते किंचित असतं, पण खताची बाटली खुणेपर्यंत भरलेली होती. मी डबीची नोंद मागे नेली, एकेक ओळ वाचत.

शनिवार, दुपारी दोन चाळीस. पाण्याची पातळी पाच सेंटिमीटरने वाढली. अंदाजे नऊ लिटर पाणी घातले. वेळ नेहमीची नाही.

मी पाणी घालते ते सकाळी. दुपारी दोन ते साडेतीन मी झोपते. आणि शनिवारी तर मी पाणी घालतच नाही, कारण रविवारी निम्मं बदलायचंच असतं. उन्हाने टाकी तीन बोटं उतरली होती. उतरू दे, उद्या बदलायचंय, असं मी स्वतःशी म्हटल्याचंही आठवत होतं. की ते आदल्या शनिवारचं? रविवारी सकाळी पाणी काठापर्यंत होतं का? त्या गडबडीत मी पाहिलंच नव्हतं.

मी पाटावर बसले. पोरांच्या शेकडो प्रयोगांत मी एकच गोष्ट शिकवली होती, तुम्हाला काय वाटतं ते बाजूला ठेवा, नोंद काय म्हणते ते बघा. नोंद सांगत होती की मी झोपेतून उठले, नऊ लिटर पाणी आणलं, टाकीत ओतलं, पुन्हा झोपले, आणि त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं. कोळंब्या मेल्या त्याचं दुःख केव्हाच मागे पडलं होतं. माझ्या आयुष्यातली एक अख्खी दुपार माझ्याजवळ नव्हती.

दुपारी केतकीला हाक मारली आणि समोर बसवलं.

"मी पुण्याला येते," मी म्हटलं. "उद्या दवाखान्यात तसं सांगू. वाद घालायला नको."

"आई? अचानक काय झालं?"

"मला कारण सापडलंय. पाण्यात तांबं आहे. कुठून आलं ते ठाऊक नाही, पण शनिवारी दुपारी मी टाकीत नऊ लिटर पाणी ओतलं, त्यातूनच आलं असणार. आणि ते ओतल्याचं मला आठवत नाही. अजिबात आठवत नाही, केतकी." मी म्हटलं. "मीठ दोनदा पडलं तेव्हा वाटलं, होतं असं. पण हे तसलं नाही. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आई, ते मी ओतलं."

मला कळायलाच वेळ लागला. "काय ओतलंस?"

"पाणी. तू झोपली होतीस. टाकी एवढी खाली गेलेली दिसली. मला वाटलं, तू पाणी घालायचं विसरलीस. आदल्या दिवशी ते मीठ... मी घाबरले गं. सोमवारी गुण कापतील म्हणून गुपचूप भरून ठेवलं. नाक दाबून भरलं."

"आणि मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुला लागलं असतं." ती आता हुंदके देत होती. "मग कोळंब्या मेल्या. मला वाटलं, तुझ्याकडूनच खाणं वगैरे जास्त पडलं असेल. माझं तर नुसतं पाणी होतं. तू त्या कुंडीत पुरताना मी दारातून बघितलं. तेव्हाही नाही विचारलं."

"पाणी कशातून ओतलंस?"

"नळाचं थेट घालत नाहीस ना तू, रात्रभर भरून ठेवतेस, ते मला माहीत होतं. बादलीत माझे कपडे भिजत होते. म्हणून शुक्रवारी रात्री प्यायला घागर भरून ठेवली होती, तीच घेतली. तांब्याची. चांगलं शुद्ध पाणी म्हणून."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पाडव्याच्या आदल्या दिवशी हिने घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मीठ लावून घासली होती. ती घागर तर आतूनही. घागरीच्या आत हात पुरत नाही म्हणून चिंचेचा कोळ भरून ठेवला होता, आणि मग एकदाच खळबळून ओतून दिला होता. जोडाच्या खाचेत, गळ्याच्या वळणात आंबट कोळ राहिलेला, नुकतंच चकचकीत झालेलं उघडं तांबं, आणि त्यावर सतरा-अठरा तास मऊ पाणी. कॉलेजात मला तांब्याचं द्रावण करायचं असतं तर मी याहून फार वेगळं काही केलं नसतं.

"ते पाणी तू प्यायलीस का?" मी आधी ते विचारलं.

"एक घोट. कसंतरीच लागलं, मग नाही प्यायले."

"माशांना तेवढी सोय नव्हती," मी म्हटलं आणि मला हसू फुटलं. थांबेचना. डोळ्यांतून पाणी, छातीत हलकं हलकं. शनिवारची दुपार मला परत मिळाली होती. मी झोपले होते. नुसती झोपले होते! केतकी आधी घाबरून बघत राहिली, मग तीही हसायला लागली आणि हसता हसता माझ्या मांडीवर डोकं टेकून रडली. त्रेचाळीस वर्षांची बाई. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

"एक ऐक," थोड्या वेळाने मी म्हटलं. "मी एखाद्या दिवशी खरंच विसरेन. तेव्हा मला सांग. लागलं तर लागू दे. तू माझ्या चुका झाकत बसलीस, तर मला कळायचं कसं?"

"आणि तू कोळंब्या पुरत बसलीस, तर मला कसं कळायचं?"



बुधवारी दवाखान्यात डॉक्टर इनामदार बाईंपुढे केतकीने सगळं सांगितलं. नियम मोडल्याचं आधी सांगितलं, मग कारण. मी निळी नळी टेबलावर ठेवली आणि शेजारी घागर. डॉक्टर बाई वयाने केतकीएवढ्याच. त्यांनी नळी उजेडात धरली, नोंद तपासली आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"थोरात मॅडम, ही टाकी एकट्या माणसासाठी बनवलीय," त्या म्हणाल्या. "घरात माया करणारं कुणी येऊन गुपचूप पाणी घालेल, याचा हिशेब तिच्यात धरलेलाच नाही. महिन्यातलं हे पाचवं प्रकरण. एका मुलाने बापाच्या टाकीत नवे मासे आणून सोडले होते, मेलेल्यांच्या जागी."

"मग माझ्या दाखल्याचं काय?"

"अडतीस गुण रद्द. पण नियमाप्रमाणे नवी टाकी, नवे तीन महिने. तोवर जुना दाखला चालू. आणि काय हो, बादलीत दोन गप्पी उरलेत म्हणालात ना? ते नव्या टाकीत सोडा. त्यांनी बरंच सोसलंय." मग केतकीकडे वळून, "तुम्ही मात्र टाकीपासून दहा पावलं लांब."

"वीस," केतकी म्हणाली.

जिना उतरताना माझे गुडघे दुखत होते आणि तरी मी भराभर उतरत होते. बाहेर आल्यावर आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला. घागर टेबलावरच राहिल्याचं केतकीला आठवलं, ती धावत परत गेली. मी बाकावर बसून तिची वाट बघत मनातल्या मनात मोजलं, एक गोष्ट ती विसरली, आणि मलाही आठवली नव्हती. बरं वाटलं.

तीन महिन्यांनी दाखला मिळाला. एक्याऐंशी गुण. केतकी पुण्याहून दर रविवारी फोन करते आणि आता सरळ विचारते, आई, या आठवड्यात काय काय विसरलीस? मी सांगते. ती स्वतःचंही सांगते. तिची यादी माझ्याहून मोठी असते.

परवाच्या गुरुवारी दुपारी मात्र मीच फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, तरी उचलला.

"केतकी, आज सकाळी मासे उपाशी राहिले. कुणी काही ओतलेलं नाही, कुणी काही केलेलं नाही. मीच विसरले. खरंखुरं."

पूर्वीची केतकी असती तर संध्याकाळच्या बसने दारात उभी राहिली असती. मीही, पूर्वीची असते तर, हा फोन केला नसता.

"किती गुण जातील?" तिने विचारलं.

"दोन, फार तर."

"मग एकोणऐंशी राहिले. पास आहेस. तू जेवलीस का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. "नाही गं. तेही राहिलंच."

"मीसुद्धा नाही जेवले. डबा उघडते. तू वाढून घे, फोन ठेवू नकोस."

मी फोन ओट्यावर उभा केला. आधी माशांना चिमूटभर खाणं टाकलं, मग माझं ताट वाढलं.